थरथरणारा आकडा

संस्थेच्या बैठकीत ठरलं: दूर गेलेल्या यानावरचा किरणमोजक बंद करायचा. यानाची वीज वर्षागणिक घटत होती, काहीतरी विझवणं भागच होतं. त्यात हा मोजक एकाच आकड्याला चिकटून बसलेला. सूर्य खवळला की त्याचा वारा बाहेरून येणाऱ्या वैश्विक किरणांना मागे रेटतो आणि आकडा उतरतो. सूर्य खवळून आठ महिने झाले, तरी हा ढिम्म. अडकलाय, असं म्हणून साहेबांनी फाइल मिटली.

त्या आकड्यांवर नजर ठेवणारी बाई गप्प राहिली. मोजक तिच्या सासऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातांनी जोडला होता. बोलावं, तर घरच्यांची बाजू घेतली असं व्हायचं.

घरी सासरे बिघडलेली इस्त्री उघडून बसले होते. तिने आढेवेढे घेत सांगितलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आकडा तंतोतंत तोच येतो, की थोडा मागेपुढे होतो?"

"होतो थोडा."

"मग तो अडकलेला नाही. अडकलेला काटा थरथरत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या नोंदी काढल्या. अकरा वर्षांपूर्वी सूर्य असाच खवळला होता, तेव्हा आकडा सहा महिन्यांत उतरला होता. सगळ्यांनी तीच अपेक्षा धरली होती. पण तेव्हा यान आजच्या निम्म्याच अंतरावर होतं. म्हणजे वाऱ्याला तिथवर पोचायला आता वर्ष लागणार. ती कागद घेऊन साहेबांकडे गेली. त्यांनी दोनदा वाचलं, कपाळ चोळलं आणि चार महिने दिले.

तीन महिने काहीच झालं नाही. संस्थेत लोक तिला जपून हसायचे. चौथ्या महिन्यात आकडा किंचित घसरला, मग रोज थोडाथोडा उतरत गेला. साहेबांनी स्वतः येऊन अभिनंदन केलं आणि मोजकाऐवजी दुसरं एक उपकरण बंद करायला सांगितलं.

तिने आलेख घरी नेला. सासऱ्यांनी तो डोळ्यांना जवळजवळ चिकटवून पाहिला.

"पुन्हा चढेल कधी?"

"सूर्य निवायला सहा-सात वर्षं, बाबा. मग ते तिथवर पोचायला आणखी एक."

त्यांनी बोटांवर स्वतःचं तेव्हाचं वय मोजलं. शहाऐंशी.

"मोतीबिंदूचं ऑपरेशन टाळत होतो ना मी," ते म्हणाले. "घेऊन टाक डॉक्टरांची वेळ."