रिकामी टाकी

नारळी पौर्णिमेला मोरा बंदराहून लेकीच्या सासरची माणसं येणार, म्हणून दत्तूने आदल्या दिवशी पंपाची गाडी बोलावली आणि संडासाची टाकी तळापर्यंत उपसून घेतली. टाकी लोखंडी, भंगारातून आणलेली, घराच्या मागच्या भिंतीला लागून पुरलेली. "पावन्यांसमोर नाक कापायला नको," म्हणत पौर्णिमेच्या सकाळीच तो बाकीच्या पुरुषांबरोबर जेट्टीवर गेला.

दुपारी पाऊस आणि उधाणाची भरती एकदम आली. नव्या शहरासाठी चहूकडे मातीचा भराव झाल्यापासून सारसोळे गावातून पाणी बाहेर जात नसे. ते अंगणात चढू लागलं. दत्तूची बायको रखमा चुलीपाशी होती. मागच्या खोलीत काहीतरी करकरलं आणि सासूची हाक आली.

"रखमे, भिंत हलली गो!"

मांडीचं हाड मोडल्यापासून बयाबाई अंगणाहून दोन पायऱ्या खोल असलेल्या त्या खोलीत खाटेवर पडून होती. रखमाने दार ढकललं. ते चौकटीत घट्ट रुतलं होतं. खालच्या फटीतून पाणी आत जात होतं.

ती घराला वळसा घालून मागे धावली. काल जमिनीसपाट असलेलं टाकीचं झाकण आज वीतभर वर आलं होतं. टाकीच्या कडेने जोत्याचा दगड उचलला होता आणि तिथून भिंतीत तिरपी चीर गेली होती.

भाडेकरीण गोजरा पहार घेऊन आली. "दार फोडू का?"

"नको! भिंतीचा भार चौकटीवर हाय. दार गेलं तर समदं आयेच्या अंगावर."

रखमा झाकणाकडे बघत राहिली. "गोजरा, भरतीला रिकामी होडी काय करते?"

"मला काय ठावं? आमच्या जालन्याला कुठली आलीया होडी?"

"उचलते. ही टाकी तशीच उचललीय. हिच्यात वजन पायजे."

"कालच उपसली की! दत्तूभाऊ काय म्हणतील?"

"म्हनंल ते ऐकू. हंडा आन."

दोघींनी झाकण सरकवलं आणि अंगणातलंच गढूळ पाणी हंड्यांनी आत ओतायला लागल्या. गजांच्या खिडकीतून बयाबाईचा आवाज येत होता. "खाटेचं पाय बुडलं... गोधडीचं टोक भिजलं... मेल्यांनो, पानी बाहेर काढा, भरताय काय?"

टाकी अर्धी झाली तरी हलली नाही. मग लोखंड घासल्याचा आवाज झाला आणि टाकी जराशी खाली बसली. चिरेतून माती गळली. भिंतही तिच्याबरोबर खाली आली तर? रखमाने हंडा तसाच धरून ठेवला.

"आये?"

ती खिडकीच्या गजांशी वाकली.

"आये गो!"

"जिती हाय. तू वत."

रखमाने ओतलं. दगड हळूहळू आपल्या जागी टेकला. दोघी दाराशी धावल्या. आता दार घासत का होईना, उघडलं. पाणी खाटेच्या सुंभाला लागलं होतं. त्यांनी म्हातारीला खाटेसकट पुढच्या पडवीत आणलं.

ओहोटीबरोबर दत्तू पाहुण्यांना घेऊन आला. मागे जाऊन त्याने काठोकाठ भरलेली टाकी पाहिली आणि तणतणत परतला.

"कोनी भरली ही?"

गोजरा पदर पिळत राहिली. रखमाने तोंड उघडलं, पण बयाबाई आधी बोलली.

"मी भरायला लावली. होडी काढताना उधानाची तिथी बघतोस ना? टाकी उपसतानापन बघत जा."