उमेदवारांच्या सभेतला माइक

मित्रांनो, बडोद्यात वासण्याच्या बाजूला मालतीकुंज नावाची सोसायटी आहे. तिच्या छोट्या सभागृहात मी राहतो. मी एक जुना माइक आहे, वायरचा. हल्ली हातात धरून कुठेही फिरता येईल असे माइक निघाले आहेत. मला मात्र वायर लागते, स्टँड लागतो आणि भोवती थोडी शांतता लागते.

माझ्या जाळीच्या आत कागदाहून पातळ असा एक पडदा आहे. त्याच्या मागे तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि एक लोहचुंबक आहे. माणूस बोलला की पडदा थरथरतो, आणि त्या थरथरीचा पुढे मोठा आवाज होतो. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एक बाई दिवसभर भिंगातून पाहत ही तार गुंडाळायची. तिचा हात हलका नसता तर मी पहिल्याच वर्षी मुका झालो असतो.

मला रावपुऱ्यातल्या दुकानातून विश्वासरावांनी विकत आणले. विश्वासराव मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मशिनिस्ट होते. सोसायटीत काहीही बिघडले की लोक त्यांच्याच दारात जात. दुकानदाराने चकचकीत माइक पुढे केले, तेव्हा ते म्हणाले, "दिसायला कसा आहे ते राहू दे. हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज कुठला नीट घेतो, तो दाखव." अशी माझी निवड झाली.

सुरुवातीची वर्षे मजेत गेली. गणपतीत मी आरती म्हणायचो, नवरात्रात गरब्याला साथ द्यायचो. "उद्या पाणी येणार नाही, भरून ठेवा," ही घोषणा तर मी मराठी, गुजराती आणि हिंदी, तिन्ही भाषांत करायचो. शेजारचे गुजराती पाहुणे म्हणायचे, "अवाज बहु सरस छे!" मला फार बरे वाटायचे.

पण माझ्या आयुष्याला खरा अर्थ आला तो सुहासिनीबाईंमुळे. बाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. पालिकेची निवडणूक आली की ढोल वाजवत उमेदवार यायचे, हात जोडायचे आणि दुसऱ्या गल्लीत जायचे. बाईंना हे पटेना. त्यांनी एका वर्षी वॉर्डातल्या सगळ्या उमेदवारांना निरोप पाठवला, "मत मागायला वेगवेगळे येऊ नका. रविवारी संध्याकाळी सगळे एकदम आमच्या सभागृहात या. आम्ही प्रश्न विचारू, तुम्ही उत्तरे द्या."

लोक हसले. कोण येणार, असे म्हणाले. पण उमेदवार आले! पुढच्या प्रत्येक निवडणुकीत येत राहिले. कचऱ्याची गाडी, मोकाट गुरे, नळाचा दाब, घराचा वेरा म्हणजे कर, कितीतरी प्रश्न माझ्यातून गेले. एका उमेदवाराला कुणी विचारले, "आमच्या तिसऱ्या मजल्यावर पाणी का चढत नाही?" तो देशाच्या उज्ज्वल भविष्यावर बोलू लागला. बाई शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, देश चढेल. पाण्याचं सांगा." सगळे सभागृह हसले, आणि तो उमेदवारही हसला. मग त्याने प्रामाणिकपणे सांगितले की टाकीचे काम का रखडले आहे ते त्याला ठाऊक नाही, पण तो चौकशी करील. मला त्याचेही कौतुक वाटले. सगळ्यांसमोर "ठाऊक नाही" म्हणायला धैर्य लागते.

आता मी तुम्हाला त्या सभेची गोष्ट सांगतो, जी मी कधीच विसरणार नाही.

सोसायटीच्या मागून पावसाचे पाणी वाहून नेणारा एक मोठा नाला जातो. बडोद्यात त्याला कांस म्हणतात. गाड्या वाढल्या, जागा पुरेना, तेव्हा सोसायटीने त्या कांसवर स्लॅब टाकून पार्किंग केले. खाली पाण्यासाठी पाइप घातले. हे काम पुढाकार घेऊन केले ते विश्वासरावांनीच. दोन पावसाळ्यांत पाइपांत गाळ आणि प्लास्टिक साचले. वर स्लॅब असल्यामुळे साफ करायला कुणाला आत उतरता येईना. मग एका मोठ्या पावसात पाणी उलटे फिरले. आमची सोसायटी उंचावर, ती कोरडी राहिली. कांसच्या पलीकडच्या वस्तीत मात्र छातीएवढे पाणी शिरले.

त्यानंतर निवडणूक आली. पालिका झाकलेल्या कांस उघड्या करण्याचे धोरण आणणार, अशी चर्चा सुरू झाली होती. त्या रविवारी सभागृह गच्च भरले. व्यासपीठावर तीन उमेदवार बसले होते. पहिले पिलाजीराव, अनेक वर्षांचे नगरसेवक, भारदस्त आणि सगळ्यांच्या लग्नकार्यात हजर असणारे. दुसरा रणवीर, तरुण व्यापारी. आणि तिसरी कौमुदी, अपक्ष. कौमुदी फिजिओथेरपिस्ट आहे. घरोघर जाऊन ती रुग्णांकडून व्यायाम करून घेते. आणि ती विश्वासरावांची मुलगी.

विश्वासराव नेहमीप्रमाणे कोपऱ्यात अँप्लिफायरपाशी बसले होते. माझा आवाज कमी-जास्त करायचे बटण त्यांच्याच हाताखाली होते.

सोसायटीतला सलील उठला. त्याने विचारले, "नव्या धोरणात आमचा स्लॅब जाणार असं ऐकतो. निवडून आलात तर तो वाचवाल का? हो की नाही, एवढंच सांगा."

पिलाजीराव म्हणाले, "मी असेपर्यंत तुमच्या स्लॅबला कुणी हात लावणार नाही." टाळ्या पडल्या.

रणवीर म्हणाला, "वाचवायचं काय घेऊन बसलात? मी वर पत्र्याची शेड घालून देतो!" आणखी टाळ्या पडल्या.

मग कौमुदी माझ्यासमोर आली. तिचा श्वास भरभर चालला होता. तो माझ्या पडद्यावर आपटत होता, म्हणून मला कळले. ती म्हणाली, "नाही. मी तो वाचवणार नाही."

कुणीतरी खुर्ची मागे सरकवली.

"तो स्लॅब काढावा लागेल," ती पुढे म्हणाली. "आमची गाडीसुद्धा त्याच्यावरच उभी असते. पण पावसात मी पलीकडच्या वस्तीत होते. तिथे मगनभाई म्हणून माझे एक रुग्ण आहेत. अर्धांगामुळे त्यांना उठता येत नाही. पाणी खाटेला लागलं, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना चादरीत घालून माळ्यावर चढवलं. ते पाणी आकाशातून त्यांच्या घरात पडलं नव्हतं. ते आपल्या स्लॅबला अडून…"

"बस झालं!" कुणीतरी ओरडले. "आमच्याच हॉलमध्ये आम्हालाच दोषी ठरवतेस?" दुसरे कुणी ओरडले, "विश्वासराव, माइक बंद करा!" मग सगळीकडून तेच सुरू झाले. "बंद करा! माइक बंद करा!" त्या गोंगाटात कौमुदीचा आवाज बुडून गेला.

विश्वासरावांचा हात बटणावर गेला. मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले की माझे काम संपले. स्लॅब त्यांनी उन्हातान्हात उभे राहून घालून घेतला होता. त्यांना तो आपल्या हातच्या कामासारखा प्रिय होता. मुलगी त्याच्याविरुद्ध बोलत होती, तीही भर सभेत.

त्यांनी बटण फिरवले. आवाज वाढला.

ते उभे राहिले आणि म्हणाले, "तिचं म्हणणं मलाही पटलेलं नाही. पण उत्तर अजून संपलेलं नाही. आपण विचारलंय ना? मग ऐका."

लोक हळूहळू खाली बसले. कौमुदीने वडिलांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तिला बोलता आले नसते, असे मला वाटते. तिने गाड्या कुठे लावता येतील, कांस दर उन्हाळ्यात साफ कशी ठेवता येईल, आणि पालिकेकडून काय मागून घेता येईल, हे नीट सांगितले. शेवटी म्हणाली, "मत नका देऊ मला. पण एकदा पलीकडे येऊन बघा."

एकही टाळी पडली नाही.

तेवढ्यात मागच्या दारापाशी उभी असलेली एक बाई पुढे आली. ती मगनभाईंची पत्नी, जशोदाबेन. "या सोसायटीतल्या नाहीत," असे कुणी म्हणाले. सुहासिनीबाई म्हणाल्या, "सभा वॉर्डाची आहे. विचारा, बेन."

जशोदाबेन पिलाजीरावांकडे वळली. "साहेब, पाणी आव्युं त्यारे तमे होडी लईने आव्या हता," ती म्हणाली. ते खरेच होते. पिलाजीराव स्वतः होडीतून खिचडी घेऊन वस्तीत गेले होते. पुढचा तिचा प्रश्न मराठीत सांगायचा तर असा होता: "तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण साहेब, दर वर्षी तुम्ही होडी घेऊन येणार, की पाणीच येणार नाही असं काही करणार?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

पिलाजीरावांनी मला जवळ ओढले. मग ते म्हणाले, "बेन, मघाशी मी उत्तर दिलं ते टाळ्यांसाठी दिलं. या स्लॅबच्या परवानगीसाठी मीच खेटे घातले होते. तेव्हा लोकांची सोय दिसली, पाण्याची वाट दिसली नाही. कौमुदीताई बोलल्या ते बरोबर आहे. निवडून आलो तर स्लॅब काढायचं काम मी स्वतः उभा राहून करीन."

रणवीर हळूच म्हणाला, "मग शेडचं राहू द्या." लोकांना हसू आले, आणि सभागृह जरा सैल झाले.

सभा संपली. माझी वायर गुंडाळत विश्वासराव एकटेच थांबले होते. कौमुदी आली आणि वायरचे दुसरे टोक धरून उभी राहिली.

"बाबा, रागावलात?"

"स्लॅबवरून रागावलोय," ते म्हणाले. "बोललीस त्यावरून नाही."

"मग पलीकडे याल?"

विश्वासरावांनी वायरचा वेढा पुरा केला. "सकाळी जाऊ," ते म्हणाले.

निवडणुकीत कौमुदी हरली. पिलाजीराव निवडून आले. कौमुदीने त्यांच्या घरी जाऊन अभिनंदन केले आणि त्यांनी तिला पेढा खायला लावला, असे मी ऐकले.

काही दिवसांनी सोसायटीची सभा भरली. विश्वासराव माझ्यासमोर उभे राहिले. एरवी मला सांभाळणारा हा माणूस माझ्यातून फारसा कधी बोलत नसे. ते म्हणाले, "मी पलीकडे जाऊन आलो. मगनभाईंच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे. ती माझ्या छातीशी लागते. स्लॅब मी घातला, तेव्हा तो काढायचा ठरावही मीच मांडतो." सलीलने कडाडून विरोध केला. वादावादी झाली, चहा गार झाला. पण शेवटी हात वर झाले तेव्हा ठरावाच्या बाजूचे हात थोडे जास्त निघाले. सलीलने तोंड फिरवले, पण दुसऱ्या दिवशी त्याने आपली गाडी सगळ्यांच्या आधी तिथून हलवली.

उन्हाळ्यातच स्लॅब फोडायला पालिकेचे यंत्र आले. पिलाजीराव दिलेल्या शब्दाप्रमाणे टोपी घालून उन्हात उभे राहिले. त्या वर्षी पाऊस जोरदार झाला. कांस तुडुंब भरून वाहिली, पण वाहिली!

पावसाळा सरल्यावर कौमुदी मला वस्तीत घेऊन गेली. ज्यांना हालचालींचा त्रास आहे, त्यांच्यासाठी तिने शिबिर ठेवले होते. मगनभाई खुर्चीत बसले होते. त्यांची जीभ जड झालेली, शब्द स्पष्ट उमटत नसत. कौमुदीने मला त्यांच्या ओठांजवळ धरले आणि म्हणाली, "काका, बोला काहीतरी." त्यांनी खूप प्रयत्न केला. मग तीन शब्द बाहेर आले: "घर… कोरुं… छे." म्हणजे घर कोरडे आहे. जशोदाबेनने पदर डोळ्यांना लावला. मी आजवर मोठमोठी भाषणे वाहून नेली आहेत. पण त्या तीन शब्दांइतके मोलाचे काही माझ्या पडद्यावर उमटलेले नाही.

आता सोसायटीने बिनवायरचे दोन नवे माइक आणले आहेत. ते हलके आहेत, दिसायला सुंदर आहेत. मला त्यांचा हेवा नाही. पण माझ्या जाळीवर धूळ बसली आहे, आणि वायर कुणीतरी पीळ देऊन कोंबली आहे, त्यामुळे ती आतून तुटू लागली आहे. विश्वासरावांच्या हातांना आता कंप सुटतो. ते कधी आले तर मला रुमालाने पुसतात.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना फार काही लागत नाही. कोरडी जागा, सैल गुंडाळलेली वायर आणि मधूनमधून थोडे काम, एवढ्यावर आम्ही अनेक वर्षे टिकतो. माझ्यावर टिचक्या मारू नका. "हॅलो, हॅलो" म्हणून ओरडू नका. कान माझाही दुखतो.

आणि तुमच्या सभागृहात कधी प्रश्नोत्तरांची सभा भरली, तर एवढे करा. प्रश्न विचारायला जो उभा राहील, त्याच्या तोंडाकडे बघा आणि माझा स्टँड त्याच्या उंचीला आणा. ठेंगणी म्हातारी असेल तर मला खाली घ्या. चाकाच्या खुर्चीतला माणूस असेल तर आणखी खाली घ्या. माझ्यासाठी कुणाला टाचा उंचावाव्या लागू नयेत. मला वाकायला आवडते.