डोंगळ्यांचा गुरुवार

चिरलेल्या कांद्यात दोन डोळे होते. एकमेकांकडे पाठ करून बसलेले दोन हिरवट कोंब, आणि दोघांभोवती आपापले वेगळे पापुद्रे... वर्षाराणीने ती फोड उजेडाकडे धरली, कंपनीत तपासायची रबरी रिंग दिव्याकडे धरते तशीच, आणि खाली ठेवली. दुसरा कापला. त्यातही दोन. तिसऱ्यात तर अख्खं कुटुंबच नांदत होतं. कांदाचाळीतल्या राशीतून सकाळपासून निवडून निवडून काढलेले हे कांदे – सगळ्यात मोठे, सगळ्यात गोल, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं असे – आणि आत हा प्रकार. बियाण्याला एका डोळ्याचाच कांदा लागतो, दोन डोळ्यांचा लावला की पुढे शेतभर जोडकांदा, हे आत्या, म्हणजे सासूबाई, दर कार्तिकात सांगायच्या आणि ती मान हलवायची, हातात मोबाईल धरून. आता आत्या पाय मोडून काळेवाडीला लेकीकडे पडून होत्या. मान हलवायला समोर कुणी नव्हतं.

सकाळी गाडीला किक मारता मारता गोरक्ष म्हणाला होता, तिच्याकडे न बघता, "तो ट्रान्सपोर्टवाला साहेबराव संध्याकाळी येतोय आपलं वावर बघायला. कंटेनर उभे करायला पाहिजे त्याला. मुरूमही तोच टाकणार."

"आणि डोंगळे?"

"आई नाही तर लावणार कोण? लावलेल्या रानात मी नाही कुणाला मुरूम टाकू देणार, वर्षा. पण रिकामं ठेवून तरी काय करायचं?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच वाईट होतं. रागावला असता तर भांडता आलं असतं. तो खरंच विचारत होता, चाकणला भरपूर काम असणाऱ्या माणसाने सहा गुंठ्यांचं काय करायचं. तिच्याकडे होता तो फक्त आजचा गुरुवार. कंपनी बंद, आणि आत्यांनी पडायच्या आधी पाडून घेतलेल्या सऱ्या, त्यांत तिने उजाडताच फिरवलेलं पाणी. कांद्याचं बी दुसरं वर्ष बघत नाही, जुनं झालं की उगवत नाही. आज कांदे मातीत गेले तर माघात त्यांना डोंगळे येतील, म्हणजे दांड्यांवरचे पांढरे गोंडे, उन्हाळ्यात बी हाती येईल आणि पुढल्या दिवाळीला रोप. एक वर्ष चुकलं की घरातलं बी संपलं. मग दुकानातलं पाकीट. आणि मुरूम पडल्यावर पाकीट तरी कुठे फोडायचं?

पण मला का एवढं लागतंय... तिला स्वतःचंच हसू आलं. कासारवाडीच्या एका खोलीत वाढलेली मुलगी; आगगाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची आणि रंगाच्या डब्यात लावलेली कोथिंबीर थरथरायची, तेवढीच काय ती शेती. तिथे ऋतू दोनच, पंखा लावायचा आणि पंखा बंद करायचा. लग्नानंतरच्या पहिल्या माघात कंपनीच्या बसला निघाली असताना बांधावर ती थबकली होती, कारण सगळं वावर गुणगुणत होतं... पांढऱ्या गोंड्यांवर मधमाश्याच मधमाश्या, आणि त्या आवाजात उभं राहून तिला काहीतरी होत होतं, आनंदच होत होता, साधा. बस चुकता चुकता राहिली. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. बांधावर उभी राहून बघितलेलं, दुसऱ्यांचं.

तिने फोन लावला.

"आत्या, सगळे दोन डोळ्यांचे निघतायत."

"कंचं निवडलं?"

"मोठे. गोल. एकसारखे."

पलीकडे टीव्ही चालू होता. आत्या हसल्या. "कंपनीला धाडायचं हायेत व्हय गं? मोट्या कांद्याच्या पोटात गर्दी असती. मदले घे. मान दाबून बघ, बारीक आन घट पायजे. आन डोळं मिटून बघ, न्हाई तर पुन्हा गोल गोलच उचलशील."

कंपनीत नापास माल लाल ट्रेमध्ये जातो. इथे लाल ट्रे नव्हता म्हणून तिने पोत्यावर ढीग केला होता – चपटे, मधले, एका अंगाला कललेले. त्या ढिगापाशी ती बसली आणि मनापासून शरमली. किती वर्षं मी फक्त एकसारखं काय ते शोधत आले... डोळे मिटले. बोटांना आधी काहीच कळेना. नुसता सालींचा कागदासारखा आवाज. मग एक मान लागली, बारीक, वळलेल्या वातीएवढी. कापला. मधोमध एकच डोळा, शांत. पुढचा फसला. त्याच्या पुढचा नाही. हळूहळू बोटं तिच्या आधी ओळखू लागली. फसलेल्यांची टोपली भरली होती, म्हणजे आठवडाभर गोरक्षला कांद्याचीच भाजी खावी लागणार, आणि खाईल, त्याला काय झालं.

दुपार कधी उलटली कळलं नाही. शेंडा छाटलेल्या कांद्याच्या तोंडाला कुजू नये म्हणून राख, मग सरीत, मग माती, पुन्हा राख... शेजारच्या शेडची सावली वावरावर येत येत तिच्या पाठीवर आली. चपला तिने बांधावरच ठेवल्या होत्या. लावलेल्या रानात चपला घालून कुणी शिरत नाही या घरात, गोरक्षही नाही. रिकाम्या रानात मात्र तो सरळ गाडी घालतो.

गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा निम्म्या सऱ्या मोकळ्याच होत्या. बांधापलीकडे दोन माणसं बोलत होती. एक गोरक्ष, दुसरा साहेबरावच असणार. तिने दिवसभर एक वाक्य तयार ठेवलं होतं, थोडंच राहिलंय हो, उद्यापर्यंत थांबा ना... आता ते आठवेना. डोक्यात वेगळंच चाललं होतं. पलीकडच्या मळेवाल्यांना आत्ताच सांगून ठेवायला हवं, माघात औषध मारू नका, माझ्या डोंगळ्यांवर मधमाश्या असतील. माझ्या. शब्द आपसूक आला होता, आणि तिने तो परत घेतला नाही.

तिने पाटीतला पुढचा कांदा उचलला, राखेत टेकवला आणि मागे न बघता हाक दिली, "अहो, दोघंही चपला काढून या. कांदे लावलेत."

बोलणं थांबलं. वाकूनच ती माती सारत राहिली आणि कान मागे लावून ऐकत राहिली, बांधावर चपला काढल्याचा आवाज येतो का.