होडीच्या रंगाचा पंखा

गंगारामने पंखा माझ्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "विमलताई, पार पितळ दिसेपर्यंत घासायचा. रंगाचा ठिपकासुद्धा ठेवायचा नाही."

गंगाराम मुंबईला हापिसात शिपाई आहे. गावी उतरला की चार दिवस पुस्तकी मराठी बोलतो, पाचव्या दिवशी ती त्याला पेलत नाही.

पंखे दुरुस्त करायला मला कुणी शिकवलं नाही. मुंबईत आमच्या खोलीखाली वाइंडिंगचं दुकान होतं, नवरा तिथे कामाला. त्याचा डबा द्यायला जायची तेव्हा डोळ्यांनी चोरलं ते. आता, बासष्ट साली, किनाऱ्यावर वीज आली तशी माळ्यावरची धुडं माझ्याकडे येऊ लागली. कंपनीची पट्टी निघून गेली असली तरी पंख्याचं वय मी सांगते. हा बिडाचा, पोटात तेलाची वाटी, पाती पितळेची. म्हणजे लढाईच्या आधीचा. नंतरच्यांना पत्रा आला.

रंग मात्र थरावर थर. दोन दिवस घासून बीड मोकळं केलं, चारातली तीन पाती सोन्यासारखी केली. मनातून खूश होते, खोटं कशाला बोला.

तिसऱ्या दिवशी रुक्मिणी आली, तोंडवलीहून चालत. गंगारामची थोरली भावजय. तिचा नवरा महादू पंचावन्न सालच्या शिमग्यात वारला. तिने पंखा पाहिला आणि खालीच बसली.

"कोणी सांगल्यान गो घासूक?"

"गंगारामान."

"ह्यो आमच्या ह्येंनी हाडलेलो. सत्तेचाळीस साली सायब चलते झाले, त्येंच्या बंगल्यातलो. घरात वीज नाय, तरी वाश्याक टांगल्यानी. गाव हसा. जेवताना काठयेन ढोसून फिरवत आणि इचारीत, वारो लागता मगो? आता वीज इली, आणि मी म्हायेराक गेलंय तेवढ्यात दिरान उतरून नेल्यान."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याची आली तशी स्वतःचीही. हातात अजून पॉलिशपेपर होता.

दुपारी गंगाराम आला. वहिनीला पाहून दचकला नाही, हसला.

"वहिनीचं डोकं ठिकाणावर नसतं, ताई. पंखा मी सत्तावन्न साली मुंबईहून आणला. तिच्या घरी ठेवला एवढंच."

"हा लढाईच्या आधीचा आहे."

"असेल. जुना घेतला मी. पंखा कधी बनला ते तुमच्या विद्येला कळतं. कुणी आणला ते नाही कळत."

खरं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

मग रुक्मिणी हळूच म्हणाली, "रंग कसलो ता इचार त्येका. नारळी पुनवेक व्हडी रंगवत, उरलेलो रंग पंख्याक. खाऱ्या वाऱ्यान खराब होता म्हणान. ह्ये गेले त्याच वर्षी व्हडी इकली."

"म्हणजे शेवटचा रंग चोपन्नचा," मी म्हटलं. "गंगाराम, तुझा पंखा सत्तावन्नचा. होडी नसताना होडीचा रंग कुठला?"

"रंग मीच लावला."

"बरं. मग थर सांग." राहिलेलं चौथं पातं मी मांडीवर घेतलं, चाकू काढला आणि रुक्मिणीला म्हटलं, "तू दाराकडे तोंड कर. बघू नको."

गंगाराम चपलेतली वाळू झटकू लागला. ती पाठमोरी बोलू लागली आणि मी खरवडू लागले.

"हिरवो. खाली निळो. तेच्या खाली परत निळो, त्या वर्षी दुसरो गावलोच नाय."

दोन निळ्यांच्या मध्ये धुळीची बारीक रेघ निघाली.

"मगे लाल. पिवळो, तो माका आवडाक नाय, दोन दिवस मी बोलाक नाय. पांढरो. परत लाल."

एकेक तसाच निघाला.

"आणि सगळ्यात खाली?" मी गंगारामला विचारलं.

"शेंदरी," तो म्हणाला.

"रंगच नाय," रुक्मिणी म्हणाली. "पयल्या वर्षी मोरीचा तेल चोपडल्यानी, व्हडयेक चोपडतत तसा. महिनोभर घरात बसवाक नाय."

लालाखाली तपकिरी, चिकट पापुद्रा होता. चाकूचं टोक शेगडीवर तापवून मी त्याला लावलं. पंधरा वर्षांचा मोरी मासा ओटीभर पसरला. गंगारामचा हात आपोआप नाकाकडे गेला.

"सत्तावन्न साली मुंबईत मोरीचं तेल लावून पंखे विकत होते वाटतं," मी म्हटलं.

त्याची पुस्तकी मराठी तिथेच संपली. "घाल चुलीत तुझो पंखो. तीन पाती हलकी, एक जड. लंगड्या रेड्यासारखो डुलतलो." आणि चपला फरफटवत गेला. माफीचं सोडा, वहिनीकडे बघितलंही नाही.

डुलण्याचं मात्र तो बरोबर बोलला होता. मी रुक्मिणीला म्हटलं, "चौथाय घासतंय. म्हणजे सारखो फिरात."

तिने पात्यावर हात ठेवला.

"घासलंस तितक्या पुरे."

जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी शेजारच्या घरातून मागून आणले. तीन चकचकीत पात्यांच्या पाठीला ते बसवले, वजन जमेपर्यंत. तेवढा वेळ रुक्मिणी समोर बसून होती, आणि मला मान वर करता आली नाही.