मागच्या सीटवरचं वजन

“कुणी हात लावलाय का रे हिला?” टाकी उतरवता उतरवता मिस्त्रींनी विचारलं.

“तुझ्याशिवाय कोण लावणार?” नाना स्टुलावर बसून चहा फुंकत म्हणाला. “वळणावर नुसती शेपूट हलवते. बायकोने मागे बसायचंच सोडलंय. चॅसीला पट्ट्या मार, म्हणजे म्हातारी ताठ होईल.”

म्हातारी म्हणजे नानाच्या वडिलांनी घेतलेली मोटरसायकल. तरुणपणी दोघांनी तिच्यावरून गावंच्या गावं पालथी घातली होती. चालवायला नाना, मागे मिस्त्री. दुरुस्तीनंतरच्या फेरीला अजूनही तोच रिवाज होता. मागे वजन असल्याशिवाय गाडीची खोड कळत नाही, असं मिस्त्री म्हणायचे. खरं तर त्यांना बसायला आवडायचं.

हँडलखालचा रंग जरा जास्तच जाड वाटला. मिस्त्रींनी तारेचा ब्रश फिरवला, तशी आतून एक तिकोनी पट्टी निघाली. तिच्या कडेने वेल्डिंगचे टाके, सगळे उजवीकडून डावीकडे गेलेले.

डावरा हात. मिस्त्रींनी स्वतः धरून शिकवलेला, त्यांच्या धाकट्या भावाचा. पलीकडच्या गल्लीत त्याने वेगळं दुकान थाटलं आणि जाताना अर्धी गिऱ्हाइकं नेली, तेव्हा याच स्टुलावर बसून नाना म्हणाला होता, “मेलो तरी त्याची पायरी चढणार नाही.” त्या एका वाक्यावर मिस्त्री तगले होते.

भाऊ गेला तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. भाऊ पोटासाठी गेला. हा नाना त्याच्याकडे कशासाठी गेला? आणि वर खोटं, तेही चहा फुंकत.

“काय झालं?”

“काही नाही. गंज आहे.”

ते टाके घासून काढायला त्यांनी ग्राइंडर उचलला. पण टाके चांगले होते; एकसारखे, कुठे भोक नाही. पोराने पुढचं काम चोख केलं होतं, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याकडे तेवढं बघितलं नव्हतं. ते शिकवायच्या आधीच तो गेला होता. मिस्त्रींनी ग्राइंडर खाली ठेवला. चिमटा अडकतो तिथे दोन्ही बाजूंनी पट्ट्या मारल्या. चॅसी एकीकडे ओढली जाऊ नये म्हणून इकडे एक टाका, तिकडे एक टाका. मग टाकी चढवायच्या आधी त्यांनी नानाला बोलावलं.

नानाची नजर हँडलखाली गेली आणि तिथेच अडकली.

“अरे, ते... तू तेव्हा आजारी होतास, मला घाई होती...”

“काम चांगलं केलंय त्याने,” मिस्त्री म्हणाले. “मी विचारलं तेव्हा सांगायचं होतंस.”

टाकी चढली. नानाने किक मारली आणि नेहमीसारखा पुढे सरकला.

“चल, बस. मागे वजन नको का?”

मिस्त्रींनी कोपऱ्यातलं भंगाराचं पोतं उचललं, मागच्या सीटवर ठेवलं आणि दोरीने आवळून बांधलं.

“एवढं पुरेल,” ते म्हणाले.

ते दारातून बघत राहिले. वळणावर म्हातारी जराही डगमगली नाही. पोतंही जागचं हललं नाही.