आधीच भरलेला रकाना

रुग्णालयाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक बिनखिडकीची खोली होती. तिथे बसून एक बाई गेली अकरा वर्षं रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळत होती. काहीही समजावून सांगायचं झालं की ती आधी कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारायची, म्हणून वरच्या मजल्यांवरचे लोक तिला तक्तेबाई म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. माणूस एक तर नोंद एक, हा तिचा हट्ट. एकाच माणसाच्या दोन नोंदी दिसल्या की तिला जेवण गोड लागत नसे.

त्या शुक्रवारी सकाळी तिचं लक्ष सारखं घड्याळाकडे जात होतं. चौथ्या मजल्यावर तिचे वडील, अण्णा, हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दाखल होते. अकराची वेळ दिली होती, दादा त्यांच्यापाशी बसला होता, आणि साडेदहाला आपण वर जायचं असं तिने ठरवलं होतं. ऑपरेशन साधं आहे, असं जो तो म्हणत होता. जो तो म्हणतोय म्हणूनच तिला जरा जास्त धाकधूक वाटत होती.

सव्वानऊला औषध विभागातल्या फार्मासिस्टचा फोन आला. हे गृहस्थ कधी आवाज चढवत नसत. रागावले तर उलट आणखी हळू बोलत.

"तक्तेबाई, तुमचं मशीन विसरायला लागलंय का हो?"

"मशीन विसरत नाही, माणसं चुकीचं भरतात. काय झालं?"

"दुसऱ्या मजल्यावर एक बाई आहेत. गेल्या वर्षी एका गोळीने त्यांचं तोंड एवढं सुजलं होतं. अ‍ॅलर्जीची नोंद मी स्वतः करून घेतली होती. आज पडद्यावर बघतो तर रकान्यात 'नाही'. गोळी हातात घेऊन त्यांनीच विचारलं, ही तीच का, म्हणून वाचलो."

"नोंदणीच्या काउंटरवर कुणीतरी घोळ घातला असणार. बघते," असं म्हणून तिने फोन ठेवला. अकरा वर्षांत शंभरदा तरी तिने हे वाक्य म्हटलं असेल, आणि नव्वद वेळा ते खरंही निघालं होतं.

कोणती नोंद कुणी बदलली आणि कधी बदलली, याची एक यादी डेटाबेस आपोआप ठेवत असे. तिने त्या बाईंचा क्रमांक घातला. काउंटरवरच्या कुणाचंच नाव आलं नाही. बदलणाऱ्याच्या जागी तिच्याच प्रोग्रॅमचं नाव होतं. गेला शुक्रवार, सकाळी अकरा.

गेल्या शुक्रवारी अकरा वाजता तिने आयुष्यातलं सगळ्यात नीटनेटकं काम केलं होतं. दुहेरी नोंदी शोधून त्या एकमेकींत मिसळणारा प्रोग्रॅम तिने दोन महिने खपून लिहिला होता, आणि त्याने सहा हजार दोनशे जोड्या एका फटक्यात मार्गी लावल्या होत्या. रुग्णालय चालवणाऱ्या साहेबांनी बैठकीत तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. प्रोग्रॅमचा नियम सरळ होता: दोन नोंदींत काही वेगळं दिसलं तर नवी नोंद खरी मानायची. माणसं घर बदलतात, फोन बदलतात, तेव्हा नवं तेच खरं. यात चुकण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं होतं.

चुकण्यासारखं होतं ते तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हा अ‍ॅलर्जीचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. काउंटरवरचे लोक तिच्याकडे रडगाणं घेऊन आले: माणसामागे एक मिनिट जातं, रांग पार दारापर्यंत येते, लोक अंगावर धावून येतात. मग तिने तोडगा काढला. फॉर्म उघडला की त्या रकान्यात 'नाही' आधीच भरलेलं यायचं. काही असेल तर बदला, नसेल तर एंटर दाबा. रांग आठवड्याभरात निम्मी झाली. हे ठरलं त्या बैठकीत एकट्या ऑपरेशन थिएटरच्या मोठ्या सिस्टरनी हात वर केला होता.

"हे 'नाही' म्हणजे विचारून नाही, की विचारलंच नाही?"

"चांगला मुद्दा आहे, सिस्टर. पुढच्या खेपेला तिसरा पर्याय घालू," असं ती म्हणाली होती. ती पुढची खेप तीन वर्षांत आली नव्हती. आणि आता कुणीही न विचारता पडलेल्या नव्या 'नाही'ने जुनं, विचारून लिहिलेलं उत्तर गिळलं होतं. एका बाईंचं नव्हे. किती जणांचं, ते बघायचं तिच्या जिवावर आलं होतं.

तरी तिने बघितलं. प्रोग्रॅमने आपल्या कामाचा अहवाल लिहून ठेवला होता. त्यातून, अ‍ॅलर्जीच्या रकान्यात फरक होता आणि नवं उत्तर ठेवलं, अशा ओळी तिने वेगळ्या काढल्या. तीनशे एकेचाळीस. अहवालात माणसांचे क्रमांक होते. पुसलेलं उत्तर काय होतं ते नव्हतं. जागा वाचवायला तेवढं तिने गाळलं होतं.

घाबरली की ती तक्ते जोडायची, तीच तिची सवय होती. तीनशे एकेचाळीस जणांचा तक्ता तिने आज दाखल असलेल्यांच्या तक्त्याशी जोडला. पडद्यावर तीन ओळी आल्या. पहिली ओळ फार्मासिस्टच्या त्या बाईंची. दुसरी तिसऱ्या मजल्यावरच्या एका शिंप्याची, त्याला आज दुपारी घरी सोडणार होते. तिसऱ्या ओळीत तिच्या वडिलांचं नाव होतं.

ते नाव तिने तीनदा वाचलं. मग तिला तीन आठवड्यांपूर्वीची सकाळ आठवली. अण्णा पोट धरून बाकावर बसले होते आणि काउंटरवरचा कारकून म्हणाला होता, "तुम्हीच टाका ना बाई, सगळं तुमचंच तर आहे." जुनी नोंद शोधायला वेळ लागला असता म्हणून तिने सरळ नवी केली. नाव, वय, पत्ता, एंटर, एंटर, एंटर. अ‍ॅलर्जीच्या रकान्याकडे तिने ढुंकूनही बघितलं नव्हतं. त्याच्याकडे बघावं लागू नये म्हणून तर तिने तो तसा बनवला होता.

आणि जुनी नोंद आईने केलेली होती. आठ वर्षांपूर्वी आई मांडीवर पिशवी ठेवून काउंटरसमोर बसली होती आणि कारकुनाला एक एक गोष्ट सांगत होती, तो वैतागेपर्यंत. अण्णांना कसलंसं इंजेक्शन बाधलं होतं, श्वास अडकला होता, एवढं तिला फोनवर कळलं होतं. कसलं, ते तिने विचारलं नव्हतं. आईला माहीत आहे म्हटल्यावर आपल्याला कशाला, असंच त्या घरात चालायचं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती.

तिने दादाला फोन लावला. "दादा, अण्णा कुठेत?"

"आत्ताच नेलं की आत. आधीच्या पेशंटला ताप आला म्हणून यांचा नंबर लवकर लागला. मी रस्त्यापलीकडे एटीएमवर आलोय, तुला फोन करणारच होतो."

"त्यांना कोणतं औषध चालत नाही? पूर्वी त्रास झाला होता ते?"

"मला काय माहीत? आईला माहीत होतं. का गं? काय झालंय?"

दादाचा फोन तोडून तिने ऑपरेशन थिएटरचा नंबर फिरवला. एंगेज. सुरी लावण्याआधी प्रत्येकाला जंतुसंसर्गाविरुद्ध एक इंजेक्शन देतात, हे तिला माहीत होतं. त्या इंजेक्शनांचा तक्ताही तिनेच बनवला होता. ते देण्याआधी तिथला माणूस पडद्याकडे बघणार आणि पडदा म्हणणार, नाही. तिने पुन्हा नंबर फिरवला. एंगेज.

फोन मान वाकडी करून खांद्याने दाबून धरला आणि तिने दोन्ही हात मोकळे केले. बाकीच्या तीनशे चाळीस जणांपैकी कुणी या घटकेला बाह्यरुग्ण विभागात सुईखाली बसलेला असू शकत होता. तीनशे एकेचाळीस नोंदींत 'थांबा, रुग्णाला विचारा' असं लिहायचं होतं. एका ओळीचं काम. पण त्या ओळीच्या शेवटी नेमक्या कोणत्या नोंदी बदलायच्या ही अट घालावी लागते. अट राहिली तर चार लाख माणसांच्या नोंदींवर तेच लिहिलं जातं आणि उरलीसुरली खरी उत्तरंही जातात. अट तिने मोठ्याने वाचली, एकदा, दोनदा. वडील वर मरतील आणि आपण इथे अट वाचत असू, असं तिच्या मनात आलं, आणि तरी तिने ती तिसऱ्यांदा वाचली. मग एंटर दाबलं. तीनशे एकेचाळीस नोंदी बदलल्या, असं पडद्याने सांगितलं.

उठता उठता तिने बॅकअपची यादी उघडली. डेटाबेसची एक प्रत रोज दुपारी बारा वाजता निघे, आणि सात दिवसांची झाली की पुसली जाई. सगळ्यात जुनी प्रत गेल्या शुक्रवारी दुपारी बाराची होती. प्रोग्रॅम अकराला चालला होता. एका तासाने हुकलं होतं. सात दिवस पुरे, हे सहीनिशी लिहून देणारीही तीच.

लिफ्ट पाचव्यावर अडकलेली होती. ती जिन्याने धावली. पन्नाशीला टेकलेली, तळघरात बसून बसून जड झालेली बाई; दुसऱ्या मजल्यावरच छातीचा भाता झाला. शिंप्याच्या वॉर्डातल्या नर्सला तिने तिसऱ्या मजल्याच्या दारातूनच सांगितलं, "शिंपीकाकांना विचारल्याशिवाय काही देऊ नका." नर्स काही विचारणार तोवर ती पुढे गेली होती. आता आणखी एक जिना. कठडा धरून ती स्वतःला वर ओढत होती आणि एकच गोष्ट मनात घोळत होती: मी थांबा म्हणेन, ते विचारतील कोणतं औषध, आणि मला सांगता येणार नाही.

थिएटरच्या दाराशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. हातातल्या ट्रेमध्ये रिकामी सिरिंज होती.

"अण्णांना..." तिला धाप लागली होती.

"दिलं इंजेक्शन. पाच मिनिटं झाली."

तिने भिंतीला पाठ लावली आणि तशीच खाली सरकली. फरशी गार होती. समोर सिस्टरचे पांढरे बूट होते आणि ते एवढे स्वच्छ कसे राहतात, असा काहीतरी वेडा विचार तिच्या डोक्यात आला.

"अहो, काय झालं? पाणी आणू का?"

"कोणतं? कोणतं इंजेक्शन दिलं?"

"नेहमीचं नाही दिलं. पेनिसिलिन बाधतं म्हणाले, म्हणून डॉक्टरांनी दुसरं सांगितलं."

"कोण म्हणालं?"

"कोण म्हणजे? तुमचे अण्णा. मी विचारलं, त्यांनी सांगितलं." सिस्टरनी ट्रे खिडकीत ठेवला. "तुमच्या पडद्यावर 'नाही' होतं. पण मी त्या रकान्याकडे तीन वर्षांत बघितलेलं नाही."

तिला रडू आलं आणि तिने ते आवरलंही नाही. सिस्टरनी तिला टोपी आणि गाऊन चढवून दोन मिनिटं आत सोडलं. अण्णा हिरव्या चादरीखाली पडून छताकडे बघत होते. ते एवढे लहान दिसतील, असं तिला वाटलं नव्हतं.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं? औषधाचं नाव?"

"माझा श्वास अडकला होता, मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

"मग सांगितलं का नाही कधी? आम्हाला वाटायचं, आईलाच माहीत आहे."

"तुम्ही सगळं तिलाच विचारायचात," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "तीन आठवडे तू माझे कागद भरतेयस. मला कुठे काही विचारलंस?"

खाली आल्यावर साहेब तिच्याच खुर्चीत बसलेले होते. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. तिने सगळं सांगितलं, रकान्यापासून बॅकअपपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, "कुणाला काही झालेलं नाही ना? मग आत्ताच गाजावाजा कशाला? यायचे ते येतील, तेव्हा विचारून घेऊ."

"हे लोक इथेच येतील असं नाही, साहेब. आपला कागद घेऊन दुसरीकडे जातील. त्या कागदावर आपण 'नाही' छापून दिलंय." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "माझं काय करायचं ते उद्या ठरवा. आज मला फोन करायला माणसं द्या."

साहेबांनी माणसं दिली. याद्या छापल्या गेल्या. फार्मासिस्ट आणि काउंटरवरचे दोघे आले, सुट्टीवर असलेली एक नर्ससुद्धा घरून यायला निघाली. फॉर्ममधलं ते आधीच भरलेलं 'नाही' तिने सगळ्यात आधी काढून टाकलं आणि तिथे तिसरा पर्याय घातला. त्याला तिला चार मिनिटं लागली. तीन वर्षं ज्याला वेळ मिळाला नव्हता, ते चार मिनिटांचं काम होतं.

मग ती फोनला बसली. नमस्कार, मी रुग्णालयातून बोलतेय, तुम्हाला कोणतं औषध बाधतं का? कुणी सांगितलं, कुणी हसलं, कुणी म्हणालं की हे आत्ता विचारताय होय. एका आजींनी सगळा आजार पहिल्यापासून सांगितला आणि तिने मधे न तोडता ऐकून घेतला. प्रत्येक नावापुढे उत्तर पडत गेलं. दादाने कळवलं की अण्णांना वॉर्डात आणलंय, चहा मागतायत. बरं, म्हणून तिने पुढचा नंबर फिरवला.

चार वाजेपर्यंत तिच्या पानावर एक नाव उरलं. साठीची बाई, एकटी राहणारी, शेवटची आली होती गेल्या शनिवारी. औषधं घेऊन गेली होती. फोन वाजत होता. वाजून वाजून बंद पडत होता. तिने अकरा वेळा लावला. शेवटी पत्त्यावर माणूस पाठवायला सांगितलं, आणि तो निघाल्याचं कळल्यावर त्या नावापुढच्या रकान्यात बघितलं. जुन्या तक्त्यात इथे 'नाही' असतं आणि तिला शांत झोप लागली असती. तिने 'विचारलेलं नाही' असं भरलं आणि बाराव्यांदा नंबर फिरवला.