बिनआवाजाचा पंखा

"तमाम ऊस वाहतूकदार बंधू-भगिनींना नम्र निवेदन करण्यात येते की, आपल्या नंबराची घोषणा झाल्याशिवाय…"

राधाकृष्ण मुसमाडे इथवर आले आणि कॉम्प्युटर बंद पडला. सकाळपासूनची ही चौथी खेप. त्यांनी आधी स्वतःच्या डोक्यावरची गोधडी काढली, मग कॉम्प्युटरवरची काढली आणि त्याच्या डब्यावर हात ठेवला. हात लगेच मागे घ्यावा लागला.

"गुदमारलं आसंल ते," त्यांची बायको सत्यशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "त्याला बी जीव हाय का न्हाई?"

"तुमी नका बोलू. रेकॉर्डिंग चालू हाय."

"बंद पडलं ना पन आता?"

राधाकृष्णांनी बटण पुन्हा दाबून पाहिलं.

देवळाली प्रवरा आणि आसपासच्या दहा-बारा गावांत तीस वर्षं रिक्षाच्या भोंग्यातून एकच आवाज फिरत होता. डोळे तपासणीचं शिबिर असो, साड्यांचा सेल असो, कुणाची म्हैस हरवलेली असो नाहीतर कुणाचा दशक्रिया विधी असो, सांगणारे राधाकृष्णच. त्यांची ख्याती एका गोष्टीसाठी होती. 'तमाम'पासून शेवटच्या शब्दापर्यंतचं अख्खं निवेदन ते एका दमात म्हणत. कुठेही न अडखळता, कुठेही श्वास न घेता. लग्नात लोक त्यांना जेवणाआधी ते म्हणून दाखवायला लावत आणि तेही फारसे आढेवेढे घेत नसत.

त्यांचा कॉम्प्युटर अकरा वर्षांचा होता आणि त्यातला पंखा घरघर करी. रिक्षाच मुळात एवढी खडखडायची की भोंग्यात ती घरघर कुणाला कळत नसे. पण यंदा साखर कारखान्याच्या केन यार्डात, म्हणजे उसाच्या गाड्या नंबर लावून थांबतात त्या आवारात, हंगामभर लावायच्या सूचनांचं काम आलं होतं. यार्डात चांगले नवे स्पीकर बसवले होते आणि काम पाहणारा अधिकारी अंगद हा कानाचा तिखट निघाला. पहिली फाईल त्याने परत पाठवली.

"काका, तुमच्या मागं कुणीतरी गिरणी चालवतंय," तो फोनवर म्हणाला. "सोमवारपर्यंत स्वच्छ आवाज द्या. नाहीतर मग ॲपचा आवाज लावतो. तो फुकट असतो आणि चहापण मागत नाही."

अंगदने हे हसत हसत सांगितलं, पण राधाकृष्णांना ते फार लागलं. तीस वर्षांनंतर आपल्या जागी एक चहा न पिणारा आवाज बसणार, आणि तोही यार्डात, जिथे अख्ख्या पंचक्रोशीच्या गाड्या येतात. त्यांनी त्याच दिवशी कॉम्प्युटरला गोधडीत गुंडाळलं आणि मग जे व्हायचं ते झालं.

शुक्रवारी दुपारी ते त्याच गोधडीत कॉम्प्युटर बांधून राहुरीला मोनिकाच्या दुकानात गेले. मोनिका कॉम्प्युटर दुरुस्तीत तालुक्यात हुशार म्हणून प्रसिद्ध होती आणि फटकळ म्हणून त्याहून जास्त. तिने गाठ सोडली.

"याला गोधडीत कुणी घातलं?"

"मीच. आवाज करत हुता."

"आवाज करतोय म्हणजे तापलाय, काका. ताप आलेल्याला गोधडी घालतात का?"

"आमच्यात घालत्यात," राधाकृष्ण म्हणाले. "घाम आला की ताप उतरतो."

मोनिकाने स्क्रू काढायला घेतले. आतल्या लहानशा पंख्यावर धुळीचा थर नव्हता, थर हा शब्द अपुरा होता. तिथे रान माजलं होतं. तिने पंखा काढून टाकला आणि टेबलावर तीन नवे कूलर मांडले. पहिला जुन्याचाच भाऊ. तो राधाकृष्णांनी बघितलासुद्धा नाही. दुसऱ्याला नळ्या होत्या.

"यात पाणी फिरतं," मोनिका म्हणाली. "छोटा पंप असतो आत."

"पंप नको. पंप म्हनला की आवाज आला, आन कधीतरी गळती बी आली. आमच्या हिरीवर तीन हायत."

मोनिकाने इंटरनेटवर याच विषयावर तासन्‌तास व्हिडिओ पाहिले होते. त्यांचं सार म्हाताऱ्याने दोन वाक्यांत सांगितलेलं पाहून तिने मुकाट्याने तिसरा डबा पुढे केला. तांब्याच्या नळ्या, पत्र्यांचा उंच मनोरा आणि त्याला ताटलीएवढा पंखा.

"लहान पंख्याला तेवढ्या वाऱ्यासाठी पळापळ करावी लागते. मोठा सावकाश फिरतो आणि वारा तेवढाच देतो. म्हणून आवाज नाही."

"ऐकवा."

आता ऐकवायचा तर दुकान स्टँडसमोर. बाहेर एसटी हॉर्न देत होत्या, उसाचे ट्रॅक्टर गाणी वाजवत चालले होते. राधाकृष्णांनी शटर खाली ओढायला लावलं. झेरॉक्ससाठी आलेली दोन गिऱ्हाइकं आत अडकली आणि काय चाललंय ते न कळूनही हलक्या पावलांनी भिंतीला चिकटून उभी राहिली. राधाकृष्णांनी डोळे मिटून पंख्याला कान लावला.

"चालू हाय का?"

"केव्हाचा."

"मंग ह्योच द्या."

मनोरा उंच होता, डब्याचं झाकण काही बसेना. मोनिका म्हणाली, राहू द्या उघडं, वारा लागेल, फक्त गोधडी घालू नका.

त्या संध्याकाळी खोलीत इतकी शांतता झाली की सत्यशीलाबाईंनी दोनदा डोकावून पाहिलं. राधाकृष्णांनी ते लांबलचक वाक्य म्हटलं, फाईल लावली आणि ऐकू लागले. घरघर गेली होती. पण वाक्य संपत आलं तशी मागे कुठेतरी एक बारीक शिट्टी वाजू लागली, सूं, सूं. दहा वेळा रेकॉर्डिंग केलं, दहाही वेळा शिट्टी. नवा पंखा खराब निघाला म्हणून त्यांनी मोनिकाला घरबसल्या मनसोक्त शिव्या दिल्या आणि शनिवारी कॉम्प्युटर घेऊन दुकान उघडायच्या आधीच जाऊन पायरीवर बसले.

मोनिकाने ती शिट्टी ऐकली. तिने शटर ओढलं, कॉम्प्युटरची वायर काढून टाकली आणि स्वतःचा मोबाईल त्यांच्यापुढे धरला.

"म्हणा, काका."

त्यांनी म्हटलं. तिने ते लावलं. वायर टेबलावर पडलेली होती, पंखा थांबलेला होता आणि शिट्टी वाजत होती.

"माईक जुना झालाय माझा," राधाकृष्ण म्हणाले.

"हे मोबाईलवर घेतलंय, काका."

तालुक्यातली फटकळ मुलगी खाली मान घालून उगाच स्क्रू निवडत बसली. मग तिने विचारलं, "दवाखान्यात दाखवलंत का कधी?"

घरी आल्यावर राधाकृष्णांनी बायकोला सगळं सांगितलं. सत्यशीलाबाईंना नवल वाटलं नाही.

"दोन वर्सं झाली त्याला. झोपल्यावर तर छातीत लई वाजतं."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"सांगितलं हुतं की. तुमी म्हनला, कंप्युटर चालू राह्यला आसंल."

हे खरं होतं. त्यांनी कूस बदलत तसं म्हटलं होतं आणि उठून पाहिलंही नव्हतं. आता त्यांना फार वाईट वाटलं. ज्या दमावर नाव कमावलं तो कमी झाला हे तर झालंच, पण शेजारी झोपणारी बाई दोन वर्षं ते एकटी ऐकत राहिली. सोमवारी दवाखान्यात जायचं त्यांनी तिला कबूल केलं. पण आधी रविवारचं रेकॉर्डिंग.

रविवारी सकाळी ते कागद घेऊन बसले आणि आपल्या दमात बसेल तेवढंच ठेवायचं म्हणून एकेक शब्द खोडू लागले. 'तमाम' गेला. 'बंधू-भगिनींना' गेलं. 'नम्र निवेदन' खोडताना पेन बराच वेळ थांबलं, पण तेही गेलं. शेवटी उरलं ते असं: नंबर आला की गाडी पुढे घ्या. बैलांना मारू नका. घाई करू नका, सगळ्यांचा ऊस घेतला जाईल. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबले, श्वास घेतला, मग पुढचं म्हटलं. नंतर तासभर बसून त्यांनी मधले सगळे श्वास माऊसने एकेक करून कापून टाकले. आवाज कसा घासलेल्या तांब्यासारखा लख्ख झाला.

फाईल पाठवल्यावर अर्ध्या तासात अंगदचा फोन आला.

"काका, असं काय करता? ॲपचाच आवाज लावायचा तर मीच लावला असता."

"आरं, मीच हाय त्यो."

"मग श्वास कुठं घेता तुम्ही? एवढं बोलून माणूस श्वास घेत नाही होय?"

राधाकृष्णांनी फोन ठेवला. मग काही न सांगता त्यांनी न कापलेली फाईल पाठवून दिली. अंगदने ती ऐकली. बऱ्याच वेळाने त्याचा फोन आला, तेव्हा त्याचा आवाज एरवीपेक्षा हळू होता.

"हां. हे तुम्ही. हेच लावतो, काका. चहाला या."

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या हातात तोंडात मारायचा दम्याचा पंप ठेवला. पंपांबद्दलचं स्वतःचं मत राधाकृष्णांनी तिथे मनातच ठेवलं.

आठवड्याने ते यार्डात गेले. आपण कोण ते कुणालाही न सांगता गाड्यांच्या रांगेत, खांबाखाली उभे राहिले. खर्ड्याकडून आलेल्या ऊसतोड टोळीची एक टायरगाडी शेजारीच होती. उसावर एक म्हातारी बसली होती, खाली तिचा मुलगा बैलांना पेंढी घालत होता. वरून आवाज आला. नंबर आला की गाडी पुढे घ्या. मग श्वास, शिट्टीसकट, यार्डभर स्वच्छ ऐकू आला. बैलांना मारू नका. पुन्हा श्वास.

म्हातारीने मान वर करून स्पीकरकडे पाहिलं.

"दम खा रे बाबा," ती त्याला म्हणाली. "दम खा जरा. आमी कुठं पळून चाललोत."

मुलगा हसला नाही. त्याने हातातला चाबूक गाडीत टाकला, बैलांच्या पाठीवर नुसती थाप मारली आणि गाडी पुढे निघाली. राधाकृष्णांनी बाजूला होऊन तिला वाट दिली.